आमच्या अर्थिंगची तहान

ज्या घरातल्या प्रत्येक सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं, त्या घरात मी एकवीस वर्षं निर्धास्त झोपलो. हे मला गेल्या एप्रिलात कळलं, आणि तेही भागोजीकडून.

भागोजी म्हणजे आमच्या भागातला वायरमन. स्कूटर जुनी, बोलणं कमी आणि खिशात कायम टेस्टर. मी त्याला सर्ज प्रोटेक्टर बसवायला बोलावलं होतं. बाहेरून विजेचा लोट आला की हा डबा तो झेलतो आणि जमिनीत सोडून देतो, हे मी चार रविवार खर्ची घालून इंटरनेटवर वाचलं होतं. साहजिकच भागोजीला ते आधी मी वीस मिनिटं समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, पिशवीतून दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढला, एक वायर सॉकेटच्या खालच्या भोकात घातली, दुसरी वरच्या मोठ्या भोकात, आणि म्हणाला, "बगा."

मी बघितलं. बल्ब पेटला नाही.

"बल्ब गेला असेल," मी म्हणालो. मी एका सरकारी खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. समोरच्याच्या कागदात आधी खोट काढायची, हा हातचा मळ झालेला. भागोजीने तोच बल्ब खालच्या दोन भोकांत लावून लख्ख पेटवून दाखवला.

"साहेब, ह्ये वरचं भोक भिंतीत जातंय नि थितंच संपतंय. ज्यानं घर बांधलान, त्यानं जमिनीत वायर सोडलानच नाय. तुमच्या घराला अर्थिंगच नाय. ह्यो डबा लावलाव, तरी त्यानं झेललेली ईज टाकायची कुठं? तुमच्या डोक्यावर?"

घर बांधताना मी स्वतः रजा काढून देखरेखीला उभा होतो. हे माझ्या बायकोला, मृणालीला, आठवत नसावं अशी मनातल्या मनात प्रार्थना करत मी तिच्याकडे बघितलं. तिला आठवत होतं.

आता हे प्रकरण मला एवढं जिव्हारी का लागलं ते सांगायला हवं. आमचा मुलगा गौरव बोटीवर आहे. पहिलीच बोट, पहिलंच वर्ष. बोट बंदराला लागली की त्याचा व्हिडिओ कॉल येतो, आणि मधले पंधरा-वीस दिवस काहीही येत नाही. आमची आळी रस्त्यापासून पंचवीस पायऱ्या खाली, खळग्यात. घरात मोबाइलला रेंज म्हणून नाही. गच्चीवर टाकीच्या कट्ट्यावर चढून हात उंच केला तर एखादी काडी मिळते. म्हणजे मुलगा आणि आई यांच्यामध्ये काय ते एक राऊटर. टीव्हीच्या खालच्या फळीवर तो देवासारखा बसवलेला असतो, आणि मृणाली त्याची धूळ पुसताना पदर सावरते हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याआधीच्या ऑक्टोबरात ज्या संध्याकाळी गौरवचा फोन यायचा होता, त्या संध्याकाळी आभाळ गडगडायला लागलं. मृणाली म्हणाली, "प्लग काढून ठेवूया हो थोडा वेळ." मी म्हणालो, "कशाला? आपला एक्स्टेन्शन बोर्ड स्पाइक गार्डवाला आहे. विज्ञानावर थोडा विश्वास ठेव." हे वाक्य पुरं व्हायच्या आत खिडकीत पांढरं झालं, घर हादरलं, आणि राऊटरमधून मच्छर अगरबत्तीएवढा धूर निघाला. त्यानंतर गौरवचा आवाज ऐकायला आम्हाला अठरा दिवस लागले.

मृणाली भांडली असती तर बरं झालं असतं. एरवी चहात आलं जास्त झालं, तर त्यावर ती पाऊण तास बोलू शकते. त्या संध्याकाळबद्दल मात्र ती सहा महिने एक अक्षर बोलली नाही. विषय निघाला की उठून आत जायची. नवऱ्याला बायकोच्या बोलण्याची सवय असते, न बोलण्याची नसते. म्हणून मी ठरवलं, मे महिन्यात वळवाचा गडगडाट सुरू व्हायच्या आत हे घर असं करायचं, की वीज दारात आली तरी राऊटरचा हिरवा दिवा लुकलुकतच राहिला पाहिजे. त्याशिवाय आपलं तोंड वर होणार नाही.

तर खड्डा. भागोजीच्या हिशेबाने आठ फूट खोल. त्यात तांब्याची पट्टी उभी करायची, भोवती मीठ आणि कोळशाचे थर, मधून एक पाइप वर काढायचा. दिसायला सोपं. पण आमची जमीन जांभ्या दगडाची. पहिले दोन फूट पहार लोण्यात सुरी जावी तशी गेली, आणि तिसऱ्या फुटापासून ठिणग्या उडू लागल्या. दोन गडी पाच दिवस खणत होते. पाच दिवस एखाद्या घरामागे खणायचा आवाज येत राहिला, तर आळीने काय म्हणून गप्प बसावं?

सकाळी सातला दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या भिकाजीकाकांचं डोकं उगवलं. काका बंदरावर मुकादम होते. निवृत्त झाले, पण मुकादमी गेली नाही.

"काय अनिल, टाकी काय संडासाची? आमच्या गडग्याला लागून?"

मी अर्थिंग म्हणजे काय ते सांगितलं. वीज घरात न थांबता या खड्ड्यात कशी उतरेल, हेही सांगितलं. काका दातांवरून मिश्रीचं बोट फिरवत राहिले.

"म्हंजे ईज तू खड्ड्यात बोलावतस."

"बोलावत नाही काका. आली तर वाट करून देतो."

"त्येच ता. आनि तिला वाटेत आमचं घर लागतंय."

यावर मी विजेचे नियम सांगितले, काकांनी बंदरावर १९८५ साली डोळ्यांदेखत पाहिलेली वीज सांगितली. माझे नियम छापील होते, त्यांची वीज डोळ्यांदेखतची; त्यामुळे आळीने तीच खरी धरली. शेवटी काका म्हणाले, "मग लिवून दे." आयुष्यभर मी लोकांना हेच सांगत आलो आहे. सांगणारी बाजू किती सुखाची आणि लिहून देणारी किती दुःखाची, हे मला त्या दिवशी समजलं. मी कोऱ्या कागदावर लिहून दिलं, की सदर खड्ड्यात येणारी वीज केवळ माझ्याच घरातून येईल, ती श्री. भिकाजी शिवलकर यांच्या हद्दीत कोणत्याही कारणास्तव प्रवेश करणार नाही, व केल्यास त्यास मी सर्वस्वी जबाबदार राहीन. खाली सही. काकांनी कागद उजेडात धरून वाचला, तारीख राहिली आहे हे दाखवून दिलं आणि घडी घालून खिशात टाकला.

मीठ आणायला मी स्वतः गेलो. जाड्या मिठाची दोन पोती रिक्षातून आळीच्या तोंडाशी उतरवली आणि पायऱ्यांवर गंगुबाई भेटली. गंगुबाई पावसाळ्याच्या बेगमीचे मासे खारवून विकते. तिच्या हातच्या खाऱ्या बांगड्याला मुंबईपर्यंत मागणी आहे. तिने पोत्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती बांगडं घेतलाव?"

"बांगडे नाहीत गंगुबाई. खड्ड्यात घालायचंय."

"खड्ड्यात खारवताव?" तिचा आवाज बदलला. आळीत आपल्या पोटावर कोणी पाय आणतोय, आणि तोही सरकारी नोकरीतला माणूस, हे तिला सहन होईना. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं, की अनिल पावसकर निवृत्तीनंतरची सोय म्हणून सुक्या मासळीचा धंदा काढतोय आणि त्यासाठी आठ फुटी हौद खणलाय. दुसऱ्या दिवशी कार्यालयात दोघांनी मला आपलं नाव आगाऊ लिहून घ्यायला सांगितलं. एकाने तर बोंबिलांचा भाव पण विचारला. मी विज्ञान समजावून सांगितलं. ते म्हणाले, बरं, धंदा सुरू झाला की सांगा.

शेवटी एकदाचा खड्डा भरला. पट्टी उभी राहिली, वायर घरात गेली, सर्ज प्रोटेक्टरचा डबा मीटरच्या बाजूला बसला. भागोजीने आपला बल्ब तिसऱ्या भोकात लावला. बल्ब पेटला, पण कसा? आजारी माणसाने डोळे किलकिले करावेत तसा.

"पानी," भागोजी म्हणाला. "ह्यो कातळ हाय साहेब, पानी धरत नाय. जमीन ओली ऱ्हायली तर अर्थिंग. सुकली, तर नुसतं मीठ पुरलाव आसं समजा. पावसाळा लागेपर्यंत रोज दोन बादल्या पायपातून सोडा."

रत्नागिरीत मे महिन्यात रोज दोन बादल्या! ज्या गावात पावसाळ्याचे चार महिने छत्रीसुद्धा वाळत नाही, त्याच गावात मे महिन्यात आमच्या नळाला एक दिवसाआड चाळीस मिनिटं पाणी येतं. त्या चाळीस मिनिटांत आळीतली माणसं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. अंघोळीचं पाणी गाळून झाडांना घालणारी घरं आहेत आमच्यात. आणि मी, सकाळी सहाला, कोणी बघत नाही असं पाहून, भरलेली बादली घेऊन घरामागे जायचो आणि जमिनीतून वर आलेल्या एका पाइपात ओतायचो. चोरी करताना माणूस दबकत चालतो. पाणी ओतताना दबकून चालणं शक्य नसतं, कारण बादली हिंदकळते. पाचव्या दिवशी गंगुबाईने मला पकडलं.

"आवो, मानसांना गिळायला पानी नाय नि ह्यो बाबा भोकाला पाजतोय!"

तिच्या आवाजाने सहा खिडक्या उघडल्या. मी बादली पाठीमागे लपवली. पन्नाशी उलटलेल्या, भविष्य निर्वाह निधीचं खातं असलेल्या माणसाने पंधरा लिटरची बादली पाठीमागे लपवून उभं राहणं किती वाईट दिसतं, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक.

तक्रार झाली. पाणीखात्यातून गुरुप्रसाद नावाचा एक तरुण आला. अतिशय नम्र. "अनधिकृत बोअरची तक्रार आहे काका, जरा पाहणी करायची होती." मी त्याला पाइप दाखवला. त्याने आत वाकून बघितलं, वास घेतला आणि फॉर्म काढला.

"पाण्याचा वापर कशासाठी? पिण्यासाठी, घरगुती, जनावरं, बाग, बांधकाम?"

"विजेसाठी."

"तो कॉलम नाही काका."

हे वाक्य! तीस वर्षं मी हे वाक्य इतक्या लोकांना ऐकवलंय, की ते माझं स्वतःचं अपत्य म्हणायला हरकत नाही. ते असं परकं होऊन माझ्यावर उलटेल असं वाटलं नव्हतं. मी नेहमी लोक करतात तेच केलं. आवाज चढवला, मग उतरवला, मग चहा घेणार का विचारलं. गुरुप्रसादने चहा घेतला. माझी अडचण त्याला मनापासून पटली होती. "जनावरांत टाकूया का?" तो म्हणाला. "एक जनावर, दोन बादल्या. हिशेबात बसतं." आजही पाणीखात्याच्या दप्तरी आमच्याकडे एक जनावर आहे. मृणालीने ते कोण, हे विचारलं नाही, नुसती हसली. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. त्या एका हसण्यावर मी पुढचा महिना काढला.

पण आळीचा राग कॉलमने जाण्यासारखा नव्हता. तो गेला भिकाजीकाकांमुळे. त्यांनी गडग्यावर बसून निवाडा दिला, "खड्ड्याला काय प्यायचं पानी लागतंय? ज्येच्या घरात जा सांडपानी आसंल, ता घालावं. ईज काय चव बगनार हाय?" भागोजीला विचारलं. तो म्हणाला, चालेल, खारं असेल तर उत्तमच. आणि इथे माझ्या हातून ती घोडचूक झाली. मी गंगुबाईकडे बघून, मोठ्या मनाने, म्हणालो, "तुमच्या बांगड्यांचं पाणी सुटतं, ते टाकूनच देता ना?"

दुसऱ्या दिवसापासून भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं, कपड्यांचं दुसरं, असं पाणी येऊ लागलं आणि त्याच्यावर गंगुबाईचा डबा. तीन दिवस मुरलेल्या बांगड्यांचं खारं पाणी. भागोजीने बल्ब लावला तर तो असा लखलखला की मी टाळी वाजवली. अर्थिंगसाठी याच्याइतकं उत्तम द्रव्य विज्ञानाला ठाऊक नसावं. मांजरांना मात्र ते पूर्वीपासून ठाऊक असावं. पहिल्या दिवशी दोन होती, आठवड्याने अकरा झाली. त्यातली चार तर आमच्या आळीची नव्हतीच, वरच्या रस्त्यावरून आलेली. पाइपाभोवती गोल करून, पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून ती अशी बसायची, की नवीन माणसाने तिथे हात जोडावेत. एकीने नखांनी वायरही उकरून बाहेर काढली. मग मी एक जुना पाटा आणून पाइपावर उपडा टाकला. मृणालीने मागची खिडकी बंद केली आणि ती पुढे महिनाभर उघडली नाही.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. कोकणात एखाद्या झाडाला ज्याने पाणी घातलं, त्याचा त्या झाडावर हक्क राहतो. आळीने खड्ड्याला पाणी घातलं होतं.

सत्तावीस मेला गौरवचा मेसेज आला, मी गच्चीवर कपडे काढायला गेलो तेव्हा मोबाइलने पकडलेला. "आज संध्याकाळी सहाला कॉल करतो. रात्री बोट सुटणार, मग बावीस दिवस नेट नाही. आईला सांगा." मृणालीने दुपारीच केस धुतले. चार वाजता तिने ती निळी साडी नेसली, जी गौरवने पहिल्या पगारात घेतली होती. आणि साडेचारला समुद्राच्या अंगाने आभाळ काळंभोर होऊन वर चढायला लागलं.

माझ्या मनात, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. सात महिन्यांची परीक्षा आज होती आणि माझा अभ्यास झाला होता. मी राऊटरसमोर खुर्ची टाकून बसलो.

पाचला दार वाजलं. भिकाजीकाका, डोक्यावर चौकोनी गाठोडं. चादरीत गुंडाळलेला टीव्ही. "गडगडतंय," काका म्हणाले. "आमच्याकडं काय अर्थिंग नाय. आमी ह्यो कुठं ठेवायचा?" मी काही बोलायच्या आत मागून गंगुबाई आली, मिक्सर आणि टीव्ही घेऊन. "पानी आमी पन घातलंय," ती आत येतायेताच म्हणाली. सव्वापाचपर्यंत आमच्या दिवाणखान्यात सात टीव्ही, चार मिक्सर, एक शिवणयंत्राची मोटर आणि एक ओव्हन होता. त्यांच्यामागोमाग त्यांचे मालकही बसले, कारण आपला टीव्ही परक्या घरी एकटा कसा सोडायचा? बंद टीव्हीला सॉकेटात न लावता नुसतं ठेवलं तर त्याला आपल्या घरीही काही होत नाही, हे मी दोनदा सांगितलं. काका म्हणाले, "आसंल. पन हितं बरं वाटतंय." मृणालीने सर्वांना कोकम सरबत केलं.

पावणेसहाला पहिला गडगडाट झाला. मी हात वर केला. "कोणीही कसलाही प्लग काढायचा नाही," मी जाहीर केलं. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि लाईट गेले.

जाणारच. आमच्याकडे आभाळ खाकरलं की लाईट जातात, हे काय नवीन आहे? जन्म गेला इथे. पण दोन महिने विजेला वाट करून देण्यात मी इतका गुंतलो होतो, की ती मुळात घरात येणारच नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तरी मी डगमगलो नाही. "इन्व्हर्टर आहे," मी म्हणालो. तेवढ्यात इन्व्हर्टरने तीनदा टीं टीं केलं आणि मान टाकली. राऊटरचा हिरवा दिवा विझला.

भागोजी आमच्याकडेच होता. आळीने त्याला खड्ड्याची हमी घ्यायला बसवून ठेवला होता. त्याने बॅटरीची बुचं उघडली, टॉर्च मारून आत बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "साहेब, हिला शेवटचं पानी कदी घातलाव?"

एकवीस माणसं बसली होती. ती सगळी एकाच वेळी मागच्या खिडकीकडे वळली, जिच्यापलीकडे खड्डा होता.

सहाला दहा कमी. मी मृणालीकडे बघितलं नाही, बघवलं नसतं. टेबलावरचा मोबाइल उचलला आणि सरळ गच्चीचा जिना गाठला. टाकीच्या कट्ट्यावर उभं राहिलं की एक काडी मिळते. एक काडी पुरे होती. वरचं दार उघडलं, वाऱ्याने पाऊस तोंडावर मारला, समोर आभाळ नखाने ओरखडल्यासारखं चमकलं, आणि मागून माझं मनगट कोणीतरी असं धरलं की हातातला मोबाइल जवळजवळ पडला.

"खाली या."

"अगं, दोन मिनिटं. फक्त टाकीवर—"

"खाली या म्हणते ना!" मृणाली एवढ्या मोठ्याने ओरडली, की खाली दिवाणखान्यात पेले वाजायचे थांबले. "ऑक्टोबरात पण हेच केलंत. राऊटर जळला आणि मोबाइल घेऊन वर पळालात. टाकीवर उभे, हात वर करून. विजा कडाडतायत चोहोबाजूंनी आणि हा माणूस हात वर करून उभा! मी खालून हाका मारून मारून दमले."

हे मी वर सांगायचं टाळलं होतं, कारण सांगण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी काडी मिळाली नव्हती.

"पण गुन्हेगार मीच ना," मी म्हणालो, "माझ्यामुळे तुझा फोन चुकला, म्हणून तर—"

"फोनचं काय घेऊन बसलात? फोन आज नाही तर वीस दिवसांनी येतो. सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हा पायाळू आहे, पायांकडून जन्मलाय, पायाळूवर वीज पडते, गडगडलं की ह्याला घरात धरून ठेव. तुम्ही हसाल म्हणून कधी बोलले नाही. हसा! पण एक तिकडे समुद्रात, आणि दुसरा टाकीवर! मी कोणाकडे बघत बसू? सात महिने मला ते दिसतंय डोळे मिटले की, आणि तुम्ही खड्ड्याला पाणी घालताय!"

ती रडत होती. पावसाने तिची निळी साडी खांद्यापर्यंत भिजली होती. मला हसू आलं नाही. विजेला पाय आधी की डोकं आधी हे कळत नाही, असं एक वाक्य माझ्याजवळ तयार होतं, ते मी गिळलं. मनगट तिच्याच हातात होतं. तसेच आम्ही खाली उतरलो.

खाली सगळी आळी भिंतीकडे बघत बसली होती, म्हणजे सगळं ऐकू आलं होतं. भागोजी मात्र जागेवर नव्हता. तो दारातून आत आला तो निथळत, हातात आपल्या स्कूटरची बॅटरी. "बारा व्होल्ट," तो म्हणाला. "राऊटरला पन बाराच लागतात. मगाशीच सुचाया पायजे होतं." त्याने राऊटरच्या ॲडाप्टरची वायर चाकूने तोडली, दोन टोकं सोलली, बॅटरीला गुंडाळली. प्लग नाही, सॉकेट नाही, तिसरं भोक नाही. हिरवा दिवा लागला. सहाला दोन मिनिटं कमी असताना.

फोन सहा वाजून अकरा मिनिटांनी आला. गौरव काळा पडला होता आणि दाढी वाढली होती. मागे कुठेतरी क्रेन दिसत होती. "आई! तिकडे पाऊस आहे का? एवढी माणसं कशी घरात?" आळीने एकदम बोलायला सुरुवात केली, काकांनी त्यांना गप्प केलं. मग मृणाली बोलत राहिली. जेवतोस का, पाठ दुखायची ती कशी आहे, तिथे पण विजा होतात का, झाल्या तर तू आत असतोस ना. बाहेर एकदा फारच जवळ कडाडलं, सगळे दचकले, ती बोलायची थांबली नाही.

"बाबा कुठेत?" गौरवने विचारलं.

"आहेत. इथेच आहेत."

फोन तिने डाव्या हातात धरला होता. उजव्या हातात जिन्यावर धरलेलं माझं मनगट अजून तसंच होतं. आळीत आम्ही कोणी असं चारचौघांत हात धरत नाही. मी एकदा हळूच हात सोडवून बघितला, तर तिने पकड घट्ट केली. मग मीही सोडवायचा नाद सोडला. बाकीच्यांनी काय करावं? एवढी माणसं, कुठे बघणार? भिकाजीकाकांनी आपला टीव्ही थोडा सरळ केला आणि त्याच्याकडे बघायला लागले. त्यांचं बघून सगळेच वळले. अर्धा तास ती सगळी आळी सात बंद टीव्हींकडे मन लावून बघत बसली होती.